प्रार्थनेला मुदत घालावी काय?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न फार जुना आहे, आणि तो भर उपासनेत सहसा कोणी विचारीत नाही. आशीर्वाद होऊन लोक पांगू लागले म्हणजे एखादी वृद्ध बहीण देवळाच्या दाराशी रेंगाळते आणि हलक्या आवाजात म्हणते, "पाळकसाहेब, देवाजवळ आणखी किती दिवस मागू?" कोणाचा मुलगा दारूच्या पायी घर सोडून गेलेला असतो. कोणाची सून अंथरुणाला खिळलेली असते. कोणाच्या घरी मुकादमाची उचल दर वर्षी फेडूनही दर वर्षी शिल्लकच राहते, आणि दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायको कोयता घेऊन पुन्हा परमुलखी ऊसतोडीला निघतात व नातवंडे म्हातारीच्या पदरात राहतात. अशा घरातून प्रार्थना बंद पडलेली नसते. पण प्रार्थना करणाऱ्याच्या मनात एक शल्य राहून जाते, की इतके मागूनही उत्तर नाही, तेव्हा चूक कोठे असावी?

हा प्रश्न अविश्वासी मनुष्याचा नव्हे. ज्याने मागितलेच नाही त्यास उत्तराला विलंब झाला असे वाटण्याचे कारणच नाही. विलंबाचे दुःख वाट पाहणाऱ्यासच होते. यास्तव ह्या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देऊन मोकळे होणे हा वाट पाहणाऱ्यावर एक प्रकारचा अन्याय होय. मंडळीत मात्र अशी तयार उत्तरे पुष्कळ मिळतात. कोणी म्हणतो, "तुझा विश्वास कमी पडतो." दुसरा म्हणतो, "उत्तर आले नाही म्हणजे देवाने नाही म्हटले. आता मागणे सोड." तिसरा म्हणतो, "अधिक उपास कर, रात्रभर जाग, मग देवास द्यावेच लागेल." ही तिन्ही उत्तरे पवित्र शास्त्राच्या कसोटीला कितपत उतरतात ह्याचा विचार आम्ही आज वाचकांबरोबर करू इच्छितो.

प्रथम आमच्या अंबाजोगाईतीलच एक आख्यायिका सांगतो, कारण तिच्यावरून मुख्य मुद्दा लवकर ध्यानात येईल. ह्या गावी मुकुंदराज व दासोपंत ह्या दोन जुन्या मराठी ग्रंथकारांच्या समाधी आहेत. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ असा सांगतात. त्यांच्या वडिलांकडे सरकारी वसुलाची बाकी राहिली म्हणून बिदरच्या दरबारी लहानग्या दासोपंतांस ओलीस ठेवण्यात आले, आणि ठरावीक मुदतीत रकमेचा भरणा झाला नाही तर मुलगा परत मिळणार नाही असे ठरले. मुलाने आपल्या दैवताचा धावा केला, आणि मुदत सरण्याच्या वेळी कोणी अनोळखी मनुष्य दरबारात येऊन सगळी रक्कम भरून गेला, अशी ही कथा आहे. ती आमच्या भागात पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते, आणि ती लोकांस का आवडते हे उघड आहे. कर्जाची बाकी, घातलेली मुदत आणि पणास लागलेले लेकरू ह्या तिन्ही गोष्टी येथल्या माणसास आजही परक्या नाहीत.

परंतु ज्याची मुदत सरून गेली आणि रक्कम भरावयास कोणीच आले नाही, त्याने काय समजावे? अशांची कथा कोणी रचीत नाही, आणि ऐकणारे बहुतेक अशांपैकीच असतात. आम्हांस वाटते की अडचणीचे मूळ येथेच आहे. आम्ही प्रार्थनेला नकळत मुदत घालतो. नवस हा मुदतीचा व मोबदल्याचा करार असतो: अमुक दिवसांत अमुक झाले तर अमुक देईन. आम्ही ख्रिस्ती लोक नवस बोलत नाही असे म्हणतो. तथापि "हा नाताळ येईपर्यंत झाले नाही तर देव ऐकत नाही असे मी समजेन" असे जो मनात धरतो, त्याने केवळ नवस हा शब्द टाकला आहे. करार तसाच ठेवला आहे. सावकार आणि कुळ ह्यांच्यामध्ये मुदत शोभते. बाप आणि लेकरू ह्यांच्यामध्ये ती शोभत नाही. कारण मुदत टळल्यावर सावकाराचा व कुळाचा संबंध तुटू शकतो, बापलेकांचा तुटत नाही.

आता त्या पहिल्या उत्तराकडे वळू. उत्तरास उशीर झाला म्हणजे मागणाऱ्याचा विश्वास उणा, असे म्हणणाऱ्याने गेथशेमाने बागेकडे पाहावे. आपल्या प्रभूने त्या रात्री एकच मागणे तीन वेळा केले, आणि तो प्याला त्याच्यापुढून सरला नाही. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीन वेळा विनविले, आणि काटा तसाच राहिला. मात्र तो सोसण्यास कृपा पुरेशी मिळाली. ह्या दोघांचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? जखऱ्या व अलीशिबा ही दोघे देवाच्या दृष्टीने नीतिमान होती असे लूक स्पष्ट लिहितो, आणि तरीही त्यांचे घर म्हातारपणापर्यंत लेकराविना होते. जणू वाचकाने त्यांच्या निपुत्रिकपणाचा दोष त्यांच्यावर घालू नये म्हणूनच लूकने त्यांच्या नीतिमत्त्वाची साक्ष आधी दिली आहे. ईयोबाच्या मित्रांनी नेमकी हीच चूक केली. दुःखिताजवळ सात दिवस ते मुकाट्याने बसले तोवर ते खरे मित्र होते. कारण शोधू लागले आणि ते त्याला जड झाले. शेवटी देवाचा कोप त्या कारणे शोधणाऱ्यांवरच झाला.

अब्राहामाच्या चरित्रात आणखी एक धडा आहे. वचन मिळून तो निघाला तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, आणि इसहाक जन्मला तेव्हा शंभर वर्षांचा. मधली पंचवीस वर्षे वाट पाहण्याची होती. त्या अवधीत घरात धीर सुटला, आणि उत्तर आपल्याच युक्तीने घडवून आणावे म्हणून हागार नावाच्या परदेशी दासीस पुढे करण्यात आले. त्या घाईची किंमत अब्राहामाने वा सारेने फारशी दिली नाही. ती त्या गरीब दासीने आणि तिच्या लेकराने रानात तहानेने तळमळत दिली. पण त्याच रानात देवाने त्या लेकराचा आवाज ऐकला आणि तिला तेथल्या तेथे पाण्याची विहीर दाखविली. ज्याला देवाचा मित्र म्हटले त्याला पंचवीस वर्षे थांबावे लागले, आणि घरातून हाकलून दिलेल्या दासीला त्याच दिवशी पाणी मिळाले. तेव्हा विलंब हे देवाच्या नापसंतीचे चिन्ह नव्हे, आणि लवकर मिळालेले उत्तर हे आमच्या योग्यतेचे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय आमच्या अधीरतेचा भार पुष्कळदा घरातील दुबळ्या माणसावर पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरे उत्तर असे, की देवास थकवावे म्हणजे तो देतो. ह्यासाठी लोक लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवेचा आधार घेतात. कचेरीत खेटे घालणे म्हणजे काय हे आमच्या शेतकऱ्यांस शिकवावे लागत नाही. सातबाऱ्यावरील एका नोंदीसाठी तारखेवर तारीख पडते, साहेब जागेवर नसतात, आणि जो चिकाटीने येत राहतो त्याचे काम एखादे दिवशी केवळ त्रास टळावा म्हणून होऊन जाते. दाखल्यातील न्यायाधीश अगदी असाच आहे. परंतु प्रभूने देव ह्या न्यायाधीशासारखा आहे असे सांगितले नाही. जेथे असा बेपर्वा मनुष्यही अखेर ऐकतो, तेथे आपल्या लोकांवर प्रीती करणारा देव किती अधिक ऐकेल, असा तो विरोध दाखविणारा दाखला आहे. देव नाखूश आहे आणि आम्ही ओरडून त्याचे मन वळवितो अशी कल्पना जो करतो, त्याने पित्याला त्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर नेऊन बसविले असे होते.

येथे विचारी वाचक विचारील: देव जर जाणतो, आणि त्याचे मन वळवावयाचे नाही, तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागण्यात अर्थ काय? आमच्या मते प्रार्थनेतील चिकाटीचा खरा उपयोग असा, की ज्याच्यासाठी आम्ही मागतो त्याला आमच्या अंतःकरणातून निसटू न देण्याचे ते साधन आहे. ज्या मुलासाठी आई रोज सायंकाळी प्रार्थना करते, त्याच्या वाटेकडे तिचे डोळे लागलेले असतात. घरात त्याची भाकर आहे, त्याचे नाव आहे. ज्या दिवशी ती "आता काय उपयोग" म्हणून थांबते, त्या दिवसापासून हळूहळू त्या घरात मुलाची जागा भरून जाऊ लागते, आणि कदाचित पुढे तो परत आला तर दार उघडावयास प्रीती शिल्लक नसते. उधळ्या पुत्राच्या बापाने त्याला दुरून पाहिले, ते तो वाटेकडे पाहत होता म्हणूनच. उत्तर जेव्हा येईल तेव्हा ते घेण्यास कोणी जागे असावे, ह्यासाठीही प्रार्थना चालू ठेवावयाची असते. दुसरे उत्तर, म्हणजे "आता मागणे सोड," हे आम्हांस धोक्याचे वाटते ते ह्याच कारणाने. पौलाप्रमाणे ज्याला देवाने स्पष्ट समजूत दिली त्याने थांबावे. पण केवळ काळ लोटला ही समजूत नव्हे.

ह्याविषयी महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीस परिचित असे एक उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर तो वज्राघातच होता. चार-पाच वर्षे पती एकीकडे व पत्नी लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने दुसरीकडे, अशी स्थिती होती. पुढे त्या अहमदनगरास आल्या, तरी चूल वेगळी आणि सोवळेही वेगळेच. अखेर जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे हा विचार त्यांच्या मनात कोणी न घालता उगवला, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकीगत त्यांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

ही गोष्ट आम्ही विजयाची म्हणून सांगत नाही. त्या वर्षांत एका घरातील दोन माणसे दोन उलट गोष्टी मागत असणार हे विसरू नये. पतीने आपल्या पूर्वीच्या धर्मात परत यावे म्हणून त्या माउलीनेही अश्रू ढाळले असतील, आणि ते अश्रू खोटे नव्हते. आम्हांस तिच्यात पाहावयाचे ते इतकेच, की वाट पाहण्याच्या काळात बळजबरी झाली नाही. वेगळी चूल वेगळी राहू देण्यात आली. मनाचा पालट मागणाऱ्याला थांबावेच लागते, कारण माणसाचे मन हे दुसऱ्याच्या मागणीने ओढून आणावयाची वस्तू नाही, आणि देवही ते तसे ओढीत नाही. आणि उत्तर आले ते मागणीपेक्षा मोठे आले. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. ज्या पत्नीसाठी त्यांनी वाट पाहिली, तिनेच पुढे ते हाती घेऊन बहुतांशी रचिले. १८९५ साली असे काही मागण्याचे कोणाच्या स्वप्नीही आले नसते.

परंतु ज्या प्रार्थनांचे उत्तर ह्या जन्मी येतच नाही त्यांचे काय? पंडिता रमाबाई ह्यांच्या अखेरच्या दिवसांत ह्या दोन्ही प्रकारच्या गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. केडगावच्या मुक्ति मिशनात त्या अनेक वर्षे पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या, आणि मिशनातील स्त्रियाच ते छापीत होत्या. हे काम आपल्या हातून पुरे व्हावे ही त्यांची तळमळ होती, आणि ते पुरे झाले. शेवटची मुद्रिते तपासून होताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. परंतु त्यांच्यामागे मुक्तीचा भार जिने वाहावा अशी अपेक्षा होती ती एकुलती एक कन्या मनोरमा त्याआधी नऊ महिने, जुलै १९२१ मध्ये, निवर्तली होती. ग्रंथ पुरा झाला आणि लेक गेली. एक का मिळाले आणि दुसरे का मिळाले नाही हे सांगण्याचा अधिकार कोणाही पाळकास नाही, आणि जो सांगू पाहतो तो ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीस बसतो. इतके मात्र दिसते, की रमाबाईंनी मुलीच्या मृत्यूनंतरही लेखणी खाली ठेवली नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८२६ साली नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने वारले. त्या तेरा वर्षांत त्यांनी पाहिलेले बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके होते. नगरचे मिशन निघाले ते १८३१ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांच्या प्रार्थनेचे उत्तर इतरांच्या डोळ्यांनी पाहिले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाने मेलेल्यांची जी यादी आहे, तिच्यातील लोकांनीही वचनाचे फळ दुरूनच पाहिले होते.

ह्यावरून कोणी असे समजू नये की हात जोडून बसणे एवढेच आमचे काम. २०१६ सालच्या उन्हाळ्यात मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले, आणि ज्या अंबाजोगाई, केज व लातूर गावांची तहान त्या धरणावर भागते त्यांचे फार हाल झाले. एप्रिल महिन्यात लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पावसाची प्रार्थना त्या वर्षी कोणत्या धर्माच्या माणसाने केली नसेल? त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरणात पाणी आले. ज्यांनी तोवर दावणीची जनावरे विकली होती त्यांना मात्र तो पाऊस उशिराचाच होता, आणि त्यांच्यापुढे "पाहा, देवाने ऐकले" असे मोठ्याने म्हणणे बरे दिसत नाही. पण पाऊस येण्यापूर्वीही एक उत्तर येऊन गेले होते: ज्यांच्याकडे पाणी होते त्यांनी ते ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्याकडे पोहोचविले. पावसासाठी गुडघे टेकावयाचे आणि आपल्या विहिरीवरून शेजारणीची घागर रिकामी परत पाठवावयाची, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. शेजारणीच्या प्रार्थनेचे उत्तर देवाने कदाचित आमच्याच विहिरीत ठेवलेले असेल, आणि विलंब त्याच्याकडून नसून आमच्याकडून होत असेल. आजाऱ्यासाठीही हेच लागू आहे. अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात खाटेशेजारी बसून प्रार्थना अवश्य करावी. पण प्रार्थना करतो म्हणून औषध थांबविण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये.

आता मंडळ्यांनी काय करावे हे थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट ही, की देवापुढे जे मनात आहे तेच बोलावे. स्तोत्रसंहितेत "किती काळ" असे विचारणारी, गाऱ्हाणी मांडणारी स्तोत्रे पुष्कळ आहेत, आणि ती देवानेच आपल्या ग्रंथात राहू दिली आहेत. ज्या रुसलेल्या मनाने तोंड फिरविले नाही ते मन अजून प्रार्थनाच करीत आहे. दुसरी गोष्ट, एकट्याला एकट्याचे ओझे वाहू देऊ नये. मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षघाती मनुष्य स्वतः चालत आला नाही. चौघांनी त्याला बाजेसकट आणून छपरातून खाली सोडले, आणि येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला असे तेथे लिहिले आहे. ज्या बहिणीला आता मागवत नाही तिच्यावतीने मंडळीने मागावे, आणि तिला "तुझा विश्वास कोठे गेला" असे विचारू नये. तिचा विश्वास थकला असेल तर थोडे दिवस तो आम्ही वाहावा. बाज उचलण्यास चारच माणसे लागतात, आणि तेवढी माणसे आमच्या लहानात लहान मंडळीतही आहेत. तिसरी गोष्ट, ज्याच्यासाठी मागतो त्याच्यासाठी हाताने करता येईल ते त्याच दिवशी करावे. ऊसतोडीस गेलेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीने मागे राहिलेल्या त्यांच्या लेकरांच्या जेवणाची व शाळेची चौकशी केलीच पाहिजे.

आणि देवळाच्या दाराशी थांबलेल्या त्या बहिणीला आम्ही काय सांगावे? दिवसांची संख्या आम्हांस ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आम्ही आणणार नाही. बाई, तुम्ही इतकी वर्षे मागत आला, ही गोष्टच साक्ष आहे की तुमची प्रीती मेली नाही. आणि जी प्रीती तुमच्यात मेली नाही ती ज्याने तुमच्यात घातली त्याच्यात ती कशी मरेल? आज सायंकाळी पुन्हा त्याच मुलाचे नाव घ्या. शब्द सुचले नाहीत तर नुसते नाव घ्या. पुढच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत तेच नाव आम्हीही घेऊ, आणि त्याच्यापुढे तारीख लिहिणार नाही.

प्रभु आम्हां सर्वांस थांबण्याचे बळ देवो, आणि थांबलेल्यांजवळ थांबण्याचेही.